खिडकी आणि दप्तर यांमधील दुवा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शासकीय कारभारात संगणकाचा प्रवेश झाला त्यास आता बराच काळ लोटला आहे. सातबाराचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, घरपट्टी-पाणीपट्टीचा भरणा अशी कितीतरी कामे आज संगणकाच्या पडद्यावर होतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. तथापि याच काळात एक नवे वाक्यही आपल्या कानांच्या सवयीचे झाले आहे. ते वाक्य म्हणजे, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." हे उच्चारण्यास दोन सेकंद पुरतात, परंतु ते ऐकून परत फिरणाऱ्या शेतमजुराचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो.

या वाक्याआड नेमके काय घडलेले असते, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे. अनेकदा असे आढळते की, संगणक बंद पडलेला नसतो आणि नोंदीही जागच्या जागी सुरक्षित असतात. तुटलेला किंवा तुंबलेला असतो तो या दोहोंना जोडणारा दुवा. मी कला शाखेचा पदवीधर, संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु हा विषय समजून घेताना माझ्या ध्यानात आले की, तो जितका यंत्राचा आहे तितकाच दप्तराच्या शिस्तीचा आहे. आणि दप्तराची शिस्त आपणां सर्वांस चांगली परिचयाची आहे.

दोन यंत्रे, दोन कामे

नागरिकाचा अर्ज प्रथम ज्या यंत्रणेकडे येतो तिला ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. अर्ज स्वीकारणे, तो नियमात बसतो की नाही हे पाहणे आणि उत्तर तयार करून देणे हे तिचे काम. ती म्हणजे कार्यालयाची खिडकी. नोंदी मात्र तिच्यापाशी नसतात. त्या डेटाबेस नावाच्या निराळ्या यंत्रणेत, म्हणजे अभिलेख कक्षात, ठेवलेल्या असतात.

अशा अनेक खिडक्या जावा या संगणकीय भाषेत बांधलेल्या असतात. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ही भाषा १९९५ मध्ये जगापुढे आणली आणि मोठ्या संस्थांच्या कारभारासाठी तिचे विस्तृत मानक डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली. २०१७ मध्ये हे मानक एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेच्या हवाली करण्याचे ठरले आणि २०१८ पासून ते जकार्ता ईई या नावाने ओळखले जाते. वाइल्डफ्लाय आणि ग्लासफिश हे या घराण्यातील परिचित सर्व्हर होत. टॉमकॅट हा त्यांतील आटोपशीर प्रकार.

अभिलेख कक्षाची आजची पद्धत एडगर कॉड या शास्त्रज्ञाच्या विचारातून निर्माण झाली. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना त्यांनी १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत, ओळी व स्तंभ करून ठेवावी. मागणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे, ते कोणत्या कपाटात आहे हे त्यास ठाऊक असण्याची आवश्यकता नसावी, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. या कार्याबद्दल त्यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. आपल्या गावनमुन्यांचे स्तंभ ज्याने पाहिले आहेत त्यास ही कल्पना परकी वाटणार नाही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल हे सर्व याच पद्धतीचे डेटाबेस आहेत.

आता खिडकी आणि कक्ष यांची भेट घडवून आणावयाची, तर मध्ये दुभाषा हवा. जावाच्या बाजूने प्रश्न कसा विचारावा याचे नियम १९९७ मध्ये निश्चित झाले. त्यांस जेडीबीसी म्हणतात. प्रत्येक डेटाबेसची अंतर्गत बोली वेगळी असल्याने प्रत्येकाचा दुभाषाही वेगळा. त्यास ड्रायव्हर असे नाव आहे. दुभाष्याला पाच गोष्टी सांगाव्या लागतात: कक्ष कोणत्या यंत्रावर आहे, त्याचा दरवाजा क्रमांक कोणता, कोणता डेटाबेस हवा, कोणाच्या नावाने प्रवेश करावयाचा आणि परवलीचा शब्द काय. दरवाजा क्रमांक ठरलेले असतात. पोस्टग्रेससाठी ५४३२ आणि मायएसक्यूएलसाठी ३३०६ हे रूढ क्रमांक होत. या पाचांपैकी एक गोष्ट जरी चुकली, तरी खिडकी उघडी आणि कक्षही उघडा, पण कागद मात्र मिळत नाही, अशी अवस्था होते.

ठरावीक संख्येचे शिपाई

अशी एक जोडणी उघडणे हे काम वाटते तितके स्वस्त नाही. यंत्रांची आपसांत ओळख पटवावी लागते, परवलीचा शब्द तपासावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये तर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू होते. प्रत्येक अर्जासाठी नवा शिपाई नेमावा, त्याचे ओळखपत्र करावे आणि एक कागद आणून झाल्यावर त्यास निरोप द्यावा, असा हा प्रकार होईल. म्हणून सर्व्हर काही जोडण्या आधीच उघडून ठेवतो, आलेल्या अर्जास त्यांतील एक देतो आणि काम होताच ती परत घेतो. इंग्रजीत या साठ्यास पूल असे नाव आहे. नदीवरील आपल्या पुलाशी त्याचा संबंध नाही.

हे शिपाई किती असावेत? टॉमकॅट मूळ मांडणीत एका वेळी २०० विनंत्या हाताळण्यास सिद्ध असतो. हिकारीसीपी या प्रचलित साठ्यात मूळ मांडणीनुसार जोडण्या मात्र १० असतात. उलट बाजूस पोस्टग्रेस मूळ मांडणीत एकूण १०० जोडण्या स्वीकारतो आणि त्यांतीलही काही व्यवस्थापकासाठी राखीव असतात. समजा, चार सर्व्हरांवर प्रत्येकी ३० जोडण्यांचे साठे मांडले, तर बेरीज १२० होते आणि गर्दीच्या वेळी काहींना दारावरूनच परत फिरावे लागते. येथे चूक यंत्राची नसून बेरजेची असते.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम तारीख शिक्षक बंधुभगिनींना चांगलीच आठवत असेल. त्या दिवशी पडदा गोल फिरत राहतो. याचाही हिशेब सोपा आहे. जोडण्या दहा आहेत आणि प्रत्येक अर्जाचे काम एक दशांश सेकंदात आटोपते असे धरू. मग सेकंदाला १०० अर्ज निकालात निघतात. परंतु तक्त्यास योग्य सूची जोडलेली नसल्यामुळे प्रत्येक शोधास पाच सेकंद लागले, तर त्याच दहा जोडण्या सेकंदाला अवघे दोन अर्ज निकालात काढतात. तासाला ३,६०,००० ऐवजी ७,२००. अशा वेळी "जोडण्या वाढवा" असा आग्रह धरला जातो. परंतु कक्षातील शोधच मंद असेल, तर शिपाई वाढवल्याने कक्षाच्या दारात गर्दी मात्र वाढते. औषध सूचीत असते, संख्येत नव्हे.

सकाळचा पहिला अर्जदार

काही ठिकाणी असा अनुभव येतो की, सकाळी कार्यालय उघडताच पहिल्या एकदोन अर्जदारांना नकार मिळतो आणि सव्वादहाच्या सुमारास सर्व काही सुरळीत होते. यामागे एक निश्चित कारण असू शकते. मायएसक्यूएल कोणतीही निष्क्रिय जोडणी मूळ मांडणीत २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, आपल्या बाजूने बंद करतो. सायंकाळी सहा ते सकाळी दहा हे अंतर सोळा तासांचे. रात्री दोनच्या सुमारास कक्षाने शिपायास कामावरून कमी केलेले असते. खिडकीस मात्र त्याची वार्ता नसते. सकाळी ती त्याच शिपायास कागद आणावयास पाठवते आणि नकार पदरी येतो. दोन यंत्रांच्या मध्ये असणारी सुरक्षा-भिंत, म्हणजे फायरवॉल, हीसुद्धा निष्क्रिय जोडणी गुपचूप तोडू शकते. त्या वेळी तर नकारही येत नाही, नुसती शांतता पसरते.

उपाय अवघड नाही. जोडणी अर्जाच्या हाती देण्यापूर्वी ती जिवंत आहे की नाही हे तपासावे आणि तिचे आयुष्य कक्षाच्या मुदतीपेक्षा कमी ठेवावे. हिकारीसीपीत ते मूळ मांडणीतच तीस मिनिटांचे असते. मग हा दोष काही कार्यालयांत दीर्घकाळ का टिकावा? कारण तो आपोआप नाहीसा झाल्यासारखा दिसतो. सव्वादहाला काम सुरू झाल्यावर दहाची तक्रार कोणीही लिहून ठेवत नाही. पहाटेच्या गाडीने निघून सर्वांआधी पोहोचलेला, रांगेत पहिला उभा असलेला मनुष्य मात्र रोज तेवढा बळी पडतो.

परत न आलेला शिपाई

याच्या नेमका उलट असा दुसरा प्रकार आहे. सकाळी काम उत्तम चालते, दुपारनंतर मंदावते आणि सायंकाळी थांबते. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की दुसऱ्या दिवसापुरते बरे होते. येथे बहुधा आज्ञावलीच्या एखाद्या कोपऱ्यात, विशेषतः चूक घडल्यानंतरच्या वाटेवर, घेतलेली जोडणी परत करावयाची राहून गेलेली असते. एकेक शिपाई कक्षात जातो आणि तेथेच बसून राहतो. दहावा गेला की खिडकी ओस. अकरावा अर्ज वाट पाहतो. हिकारीसीपीत ही वाट तीस सेकंद पाहिली जाते आणि मग नकार येतो.

२०११ मध्ये जावाच्या सातव्या आवृत्तीत अशी रचना आली की, काम यशस्वी होवो अथवा न होवो, घेतलेली वस्तू आपोआप परत केली जाते. साधन उपलब्ध आहे. ते वापरले आहे की नाही एवढे पाहणे आपल्या हाती आहे. "रोज रात्री पुन्हा सुरू करा" हा सल्ला कोणी कायमचा उपाय म्हणून देत असेल, तर तो उपाय नसून दुखणे झाकणे आहे, हे ओळखावे.

अर्धवट राहिलेला व्यवहार

आतापर्यंत सांगितलेले दोष वेळ खाणारे आहेत. यापुढील दोष नोंदीच्या सत्यतेलाच बाधा आणणारा असल्याने त्याकडे अधिक लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

समजा, जमिनीच्या एका नोंदीत विकणाऱ्याचे नाव कमी करावयाचे आणि घेणाऱ्याचे नाव लावावयाचे आहे. या दोन आज्ञा झाल्या. जेडीबीसीची मूळ रीत अशी की, प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणे आणि तत्काळ कायम होते. पहिली आज्ञा कायम झाली आणि त्याच क्षणी जोडणी तुटली, तर जुना मालक गेला व नवा आलाच नाही, अशी नोंद राहील. हे टाळण्यासाठी दोन्ही आज्ञा एकाच व्यवहारात बांधाव्या लागतात: दोन्ही कायम व्हाव्यात, नाही तर दोन्ही मागे घेतल्या जाव्यात. डेटाबेसकडे हे सामर्थ्य आहे. परंतु खिडकीने तशी सूचना दिली पाहिजे.

याहून नाजूक प्रसंग म्हणजे "कायम करा" ही आज्ञा गेली आणि पोच येण्यापूर्वीच जोडणी तुटली. नोंद झाली की नाही हे खिडकीस त्या क्षणी कळत नाही. अशा वेळी कर्मचारी घाईने पुन्हा कळ दाबतो आणि पाणीपट्टी दोनदा भरली जाते. म्हणून प्रत्येक भरण्यास आधीच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास डेटाबेसने तो नाकारावा, अशी तरतूद हवी. तोवर आपल्या हाती साधा नियम आहे: पोच आली नाही तर आधी शोधा, मग भरा.

नावे आणि अक्षरे

कित्येकदा सर्वांचे काम होते. एकाच कुटुंबाचे तेवढे अडते. वसई परिसरात आणि गोव्यात डि'मेलो, डि'सोझा अशी आडनावे आहेत. इंग्रजीत ती लिहिताना मध्ये वरच्या बाजूस एक चिन्ह येते. डेटाबेसच्या प्रश्नभाषेत तेच चिन्ह मजकुराचा आरंभ व शेवट दाखवते. आज्ञावली लिहिणाऱ्याने अर्जातील नाव उचलून जसेच्या तसे प्रश्नात चिकटवले असेल, तर नाव मध्येच संपते आणि प्रश्न मोडतो. नागरिकाचे नाव निर्दोष असते. सदोष असते ती आज्ञावली. एवढेच नव्हे, तर हीच फट दुष्ट हेतूने वापरून बाहेरचा मनुष्य आपली आज्ञा कक्षापर्यंत पोहोचवू शकतो. जेडीबीसीत प्रश्न आधी तयार ठेवून नाव स्वतंत्रपणे पाठविण्याची सोय आहे. तिचा वापर सर्वत्र झालाच पाहिजे. ज्या पडद्यावर डि'मेलो अडतात, त्या पडद्याची सुरक्षा तपासून घ्यावी.

मराठी अक्षरांचेही तसेच. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. मायएसक्यूएलची मूळ मांडणी दीर्घकाळ पाश्चात्त्य लिपींसाठी होती. २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ती सर्व लिपींना सामावणारी झाली. तक्ता, जोडणी आणि पडदा या तिघांची पद्धत एक नसेल, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उमटते. अशी माळ डेटाबेसमध्ये साठवली गेली, तर मूळ नाव त्या माळेतून परत काढता येत नाही. म्हणून नवी यंत्रणा स्वीकारताना जोडाक्षरे असलेली मराठी नावे भरून, साठवून, पुन्हा छापून पाहावीत.

किल्ली कोणाकडे?

अभिलेख कक्षाची किल्ली कोणाकडे असावी याचे नियम आपण काटेकोर पाळतो. डेटाबेसच्या परवलीच्या शब्दास तोच नियम लागू आहे. तो आज्ञावलीच्या मजकुरात लिहिलेला नसावा. जावाच्या सर्व्हरमध्ये पत्ता व किल्ली सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडे ठेवण्याची आणि आज्ञावलीने केवळ ठरलेल्या नावाने जोडणी मागण्याची सोय आहे. त्यायोगे डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर हलविला किंवा किल्ली बदलली, तरी आज्ञावलीस हात लावावा लागत नाही. शिवाय खिडकीस दिलेल्या किल्लीने गरजेपुरतेच कुलूप उघडावे. केवळ उतारा देणाऱ्या खिडकीस नोंद पुसण्याचा अधिकार असण्याचे कारण नाही.

नोंदवहीत काय लिहावे?

मित्रहो, यावर आपण काय करावे? आपणांपैकी कोणासही आज्ञावली लिहावयाची नाही. परंतु वरील विवेचनावरून एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल की, बिघाड केव्हा आणि कोणाच्या वाट्याला येतो, यावरून त्याची ओळख पटू शकते. सकाळी पहिल्या अर्जालाच आला, तर निष्क्रिय जोडणीचा संशय घ्यावा. दिवसभरात वाढत गेला आणि पुन्हा सुरू केल्यावर गेला, तर परत न आलेल्या जोडणीचा. अंतिम तारखेसच आला, तर मंद शोधाचा किंवा चुकलेल्या बेरजेचा. ठरावीक नावांनाच आला, तर प्रश्नाच्या मांडणीचा किंवा अक्षरपद्धतीचा. वैद्यास ताप केव्हा चढतो हे सांगितले की निदान सोपे होते, तसेच हे आहे.

यास्तव माझी सूचना अशी की, प्रत्येक केंद्रावर एक साधी नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, अर्जाचा प्रकार, पडद्यावर उमटलेला नेमका मजकूर आणि काम पुन्हा कसे सुरू झाले, असे पाच स्तंभ पुरेत. तीत "सर्व्हर डाउन" हे शब्द लिहू नयेत. कारण त्या दोन शब्दांत वरील सर्व आजार एकत्र मिसळतात आणि एकाचेही निदान होत नाही. महिनाअखेर ही वही यंत्रणा सांभाळणाऱ्यांपुढे ठेवावी. नव्या कामाचा करार करताना आणि काम ताब्यात घेताना काही प्रश्न लेखी विचारावेत. जोडण्या किती आणि कोणत्या हिशेबाने? जोडणी देण्यापूर्वी तपासली जाते काय? मध्येच तुटल्यास नोंद अर्धवट राहणार नाही, हे प्रत्यक्ष तोडून दाखवाल काय? किल्ली कोणाकडे आणि तिचे अधिकार किती? मराठी नावे परत जशीच्या तशी मिळतात काय? सरपंचांनी ग्रामसभेत आणि मुख्याध्यापकांनी बैठकीत हे प्रश्न विचारण्यास काहीच प्रत्यवाय नसावा.

पूर्वी दप्तर कुलूपबंद असे आणि नागरिकास किमान कोणते कुलूप लागले आहे हे दिसत असे. आजचे दप्तर अदृश्य आहे. त्याच्या दारात काय अडले आहे हे खिडकीबाहेरून दिसत नाही. ते पाहण्याची आणि सांगण्याची जबाबदारी म्हणूनच खिडकीच्या आत बसणाऱ्यांवर, म्हणजे आपणांवर, येते. "उद्या या" असे कधी सांगावेच लागले, तर आज काय अडले हे वहीत लिहून मगच सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.